फुकट असेपर्यंतच कुंपण

'फुकट ते पौष्टिक' यावर आपल्या सगळ्यांचाच गाढ विश्वास आहे. माझाही आहे. त्यामुळे क्लाउडवाल्या कंपन्या महिना-दोन महिने सगळं फुकट वापरायला देतात, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आंबेवालासुद्धा एक फोड कापून हातावर ठेवतोच की. चाखून बघावं, आवडलं तर पेटी घ्यावी, नाहीतर पुढे जावं.

माझी तक्रार वेगळी आहे. फुकटची मुदत चालू असते तोवर तुमच्या खर्चाला एक पक्कं कुंपण असतं. मुदत संपून तुम्ही पैसे भरणारे गिऱ्हाईक झालात, की नेमकं त्याच दिवशी ते कुंपण काढून घेतलं जातं. ज्याच्या खिशाला हातच लागणार नव्हता त्याला संरक्षण, आणि ज्याचा खिसा आता उघडा पडलाय त्याला फक्त एक ई-मेल! हा न्याय उलटा आहे असं माझं मत आहे, आणि ते जरा सविस्तर मांडायचं म्हणून आजचा हा लेख.

या भानगडी रोजच्या रोज हाताळणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण हे पान आमच्या घरातली मंडळीही वाचतात, तेव्हा त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर भाड्याने घेणं. भाडं मीटरवर चालतं. मशीन किती तास चालू होतं, डिस्कवर किती जागा अडवली, किती डेटा बाहेर गेला, कितीदा कोणी दार वाजवलं, या प्रत्येकाचं वेगळं मीटर. आपल्या घरच्या विजेसारखंच, असं सांगितलं जातं. पण एक मोठा फरक आहे. घरच्या विजेला मंजूर भार असतो. तुम्ही गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह, पंप सगळं एकदम लावलंत तर खट्कन एमसीबी पडतो आणि घर अंधारात जातं. चिडचिड होते, पण दीड हजाराचं बिल कधी दीड लाखावर जात नाही. घरात येणारी वायरच तेवढी वीज वाहू देत नाही. क्लाउडची वायर मात्र जवळजवळ हवी तेवढी जाड होत जाते. मागाल तेवढं मिळतं हीच तर त्याची खासियत, आणि तीच त्याची भीती.

आता मुदतीच्या काळातलं कुंपण कसं असतं ते बघू. ही माहिती तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या कागदपत्रांत उघडपणे दिलेली आहे, मी काही गुपित फोडत नाहीये. :)

मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर नव्या खात्याला ३० दिवसांसाठी २०० डॉलरचं क्रेडिट देतं. त्याला 'स्पेंडिंग लिमिट' आपोआप लागलेलं असतं. क्रेडिट संपलं की मशीनं थांबतात, साठवलेला डेटा 'फक्त वाचण्यापुरता' उरतो आणि कार्डावर एक पैसाही पडत नाही. पुढे चालू ठेवायचं तर 'पे-ॲज-यू-गो', म्हणजे वापराल तसे भरा, या प्रकारात जायचं. तिथे हे लिमिट नाही. लावून द्या म्हटलं तरी मिळत नाही. आणि स्वतःला हवा तो आकडा टाकायची सोय तर फुकटच्या काळातही नसते.

गूगल क्लाउड ९० दिवस आणि ३०० डॉलर देतं. यातलं जे आधी संपेल तेव्हा मुदत संपली. तुम्ही स्वतःहून खातं अपग्रेड केलं नाहीत तर बिल येत नाही, सगळं थांबवलं जातं, आणि मन बदलायला ३० दिवस मिळतात. अपग्रेड केलंत की मीटर मोकळं.

ॲमेझॉनने २०१० पासून नव्या खात्यांना बारा महिन्यांचा 'फ्री टिअर' दिला. त्यात कुंपण नव्हतं. महिन्याला मशीनचे ७५० तास फुकट, त्यावर गेलात की बिल. महिन्याचे तास होतात ७२० किंवा ७४४, म्हणजे एक मशीन आरामात बसतं. पण शिकता शिकता दोन मशीनं चालू राहिली तर पंधरा-सोळा दिवसांत कोटा खलास! १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी त्यांनी पद्धत बदलली. आता २०० डॉलरपर्यंत क्रेडिट आणि सहा महिन्यांची फुकट योजना. दोन्हीपैकी एक संपलं की खातं बंद, बिल नाही. त्यानंतर ९० दिवसांच्या आत पैसे भरणारं खातं करून घेतलं तर सामान परत मिळतं, नाहीतर पुसलं जातं. म्हणजे इतक्या वर्षांनी त्यांनीही कुंपण घातलं, पण तेही फुकट्यांपुरतंच.

तर तिन्हीकडे चित्र एकच. ठरावीक रकमेवर सेवा थांबवता येते, आणि हे तंत्र प्रत्येकाकडे आहे. लाखो खात्यांवर ते रोज चालतं. फक्त गिऱ्हाईक झाल्यावर ते तुम्हाला देत नाहीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरचंच आहे. आमच्या आजोबांच्या रोजनिश्या बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. १९५२ पासूनच्या, एकोणीस वह्या. माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्यांची साइट बनवली. पानांचे फोटो एका बाजूला, टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि शोधायची सोय. 'विहीर' असं टाकलं की विहीर खणतानाची सगळी पानं समोर! फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून काढले. मजकूर मात्र जवळपास सगळा धाकट्या काकूंनी टंकला, रोज दुपारी दोन-तीन पानं, थेट त्या साइटवरच. हे सगळं राहतं ते ट्रायलच्या खात्यावर. खातं भाच्याचं, कार्ड त्याच्या बाबांचं. आता मुदत संपत आलीये आणि ताईचा फोन येतो, "अगं, हा म्हणतोय अपग्रेड करू. किती येईल महिन्याला? जास्तीत जास्त किती?"

'महिन्याला साधारण किती' याचं उत्तर देता येतं. फोटो चाळीसेक जीबी आहेत, त्यांच्या साठवणीला महिन्याला एक डॉलरच्या आसपास पडेल. मशीन आणि डेटाबेस चोवीस तास चालू ठेवले तर त्याच्या कित्येक पट. हा हिशोब कागदावर मांडता येतो. पण 'जास्तीत जास्त किती' या साध्या, घरगुती प्रश्नाला उत्तरच नाही. माझे भावजी महिन्याच्या एक तारखेला किराणा, दूध, फी, हप्ता असं मांडून बसणारे गृहस्थ. त्यांना मी काय सांगू? "साधारण इतके येतील, पण वर कितीही जाऊ शकतात"? असल्या अटीवर आपण घरी पेपरसुद्धा लावणार नाही.

इथे कोणी म्हणेल, बजेट लावता येतं ना? येतं. तिन्हीकडे येतं. पण 'बजेट' हा शब्द इथे फसवा आहे. आपल्याकडे बजेट म्हणजे याच्यावर खर्च करायचा नाही. क्लाउडमध्ये बजेट म्हणजे याच्यावर खर्च झाला की कळवा. गूगलच्या कागदपत्रांत तर स्पष्टच लिहिलंय, की बजेट लावल्याने वापर किंवा खर्च आपोआप थांबत नाही. तुम्हाला ५०, ९०, १०० टक्क्यांना ई-मेल येतील, बस्स. शिवाय हा हिशोब तत्काळ होत नाही. खर्चाचे आकडे काही तासांनी, कधी कधी दिवसाने गोळा होतात. तोवर मीटर पळतच असतं.

किती पळू शकतं? २०२० मधला एक किस्सा या क्षेत्रात खूप गाजला. एका नवख्या कंपनीने गूगलच्या क्लाउडवर चाचणी लावली. बजेट ठेवलं होतं ७ डॉलरचं. प्रोग्रॅम स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाका मारत सुटला आणि अलर्ट बघून हातपाय हलवेपर्यंत बिल झालं ७२,००० डॉलर. सात आणि बहात्तर हजार! गूगलने ते बिल शेवटी माफ केलं.

बरं, तिथे निदान प्रोग्रॅम तरी त्यांचा होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका अभियंत्याने ॲमेझॉनवर साठवणीची एक बकेट बनवली. बकेट म्हणजे बादलीच, आणि ती रिकामी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये नमुना म्हणून नेमकं तेच नाव घातलेलं निघालं, त्यामुळे जगभरातले अनोळखी कॉम्प्युटर तिच्यात माल टाकायला धडकू लागले. परवानगी नव्हती, म्हणून प्रत्येकाला 'नाही' म्हणून परत पाठवलं गेलं. पण त्या प्रत्येक नकाराचे पैसे लागले. एका दिवसात जवळजवळ दहा कोटी नकार आणि बिल १,३०० डॉलरच्या वर. यावर बराच आरडाओरडा झाला, त्याचं बिल माफ झालं, आणि ॲमेझॉनने मे २०२४ मध्ये नियमच बदलला. असल्या अनधिकृत विनंत्यांचे पैसे आता मालकाला लागत नाहीत. लोकांनी बोललं की बदल होतो, हे यातून मला घेण्यासारखं वाटतं.

"बघ, माफ करतात की!" हे मला अनेकांनी ऐकवलंय. करतात, आणि चांगलं करतात. पण माफी मिळते तोवरच्या रात्री कोणी मोजल्यात? आणि माफी कुणाला मिळते? ज्याला नीट इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, ज्याचं लिहिलेलं हजारो लोक वाचतात, त्याला बहुधा मिळते. भाच्याच्या वर्गातल्या एखाद्या घाबरट पोराला, ज्याने बापाचं कार्ड टाकलंय आणि जे घरी सांगायलाच धजत नाही, त्याला मिळेल का? किराणा दुकानदार 'उधारी किती झाली सांगणार नाही, पण फार झाली तर सोडून देईन' असं म्हणाला तर आपण त्याला दिलदार म्हणू, पण तिथे वही उघडणार नाही. मर्यादा हा हक्क असायला हवा. मेहेरबानीचं आणि हक्काचं दुकान वेगळं.

काहींना वाटतं की बँकेने आपली सोय केलेलीच आहे. अर्धं खरं आहे ते. रिझर्व्ह बँकेने या बाबतीत चांगली कामं केली. ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू-बंद करू शकतो, त्यांना लिमिट लावू शकतो. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक झाली. सुरुवातीला ५,००० रुपयांच्या वरच्या प्रत्येक वेळेला ओटीपी लागायचा, ती रेषा जून २०२२ मध्ये १५,००० वर नेली. रक्कम दर महिन्याला बदलती असेल तर कमाल आकडा आपण ठरवून द्यायचा, अशीही तरतूद त्यात आहे. म्हणजे बघा, 'जास्तीत जास्त किती' हा प्रश्न रिझर्व्ह बँकेला कळला!

पण हे लिमिट पैसे देण्याला आहे, देणं होण्याला नाही. कार्ड नाकारलं गेलं म्हणून मीटरवर चढलेले आकडे उतरत नाहीत. ते बिल तुमच्या नावावर थकबाकी म्हणून उभं राहतं. घराला कुलूप लावलं की दूधवाला आत येत नाही एवढंच, दुधाचा हिशोब चुकत नाही. तेव्हा कार्डाचं लिमिट जरूर लावा, अचानक खातं रिकामं होण्यापासून ते वाचवेल. पण त्याला खर्चाची मर्यादा समजून निर्धास्त झोपू नका.

आता कंपन्यांची बाजूही मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, समजा एखाद्या दुकानाची साइट आहे आणि ऐन दिवाळीच्या आदल्या रात्री गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. मर्यादा गाठली म्हणून आम्ही साइट बंद करायची का? नुसत्या बिलापेक्षा ते नुकसान मोठं. दुसरं म्हणजे साठवणीलाही पैसे पडतात. तिथे मर्यादा गाठली तर आम्ही करायचं काय, डेटा पुसायचा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुकानदाराला ठरवू द्या. ज्याला दिवाळीची झुंबड हवीये तो मर्यादा काढून टाकेल. पण विद्यार्थी, हौशी लोक, छोट्या संस्था, आमच्यासारखी कुटुंबं, यांच्यासाठी आधीपासून मर्यादा लागलेली असावी आणि ती उठवायला मुद्दाम बटण दाबावं लागावं. आज उलट आहे.

दुसरं उत्तर त्यांच्याच घरात आहे. अझ्युअरचं ते फुकटच्या काळातलं लिमिट आठवा. मशीनं थांबतात, डेटा वाचण्यापुरता शिल्लक राहतो. म्हणजे पळणारा खर्च तोडायचा, पडून राहिलेलं सामान ठेवायचं. साठवणीचा खर्च संथ असतो, त्याचा अंदाज आधीपासून करता येतो. रात्रीत बिल फुगवतात ती मशीनं, विनंत्या आणि बाहेर जाणारा डेटा. दिवे घालवण्यासाठी घर पाडावं लागत नाही!

आणि हे कायद्याने करता येतं का? एकदा झालंय. युरोपात लोक शेजारच्या देशात सुट्टीला जायचे, मोबाइलवर इंटरनेट वापरायचे आणि घरी आल्यावर हजारो युरोंची बिलं यायची. तेव्हा युरोपीय संघाने नियम केला. १ जुलै २०१० पासून, गिऱ्हाइकाने दुसरं काही ठरवलं नसेल तर परदेशातल्या डेटाला महिना ५० युरोची मर्यादा आपोआप लागू. ८० टक्क्यांना इशारा, आणि मर्यादा गाठली की तुम्ही हो म्हणेपर्यंत कनेक्शन बंद. क्लाउडसाठी मला यापेक्षा काही वेगळं नकोय. आकडा गिऱ्हाइकाचा, आधी इशारा, मग खटका, आणि पुढे जायचं तर गिऱ्हाइकाची स्पष्ट संमती.

असो. नियम होतील तेव्हा होतील. ट्रायल तर ठरलेल्या दिवशीच संपणार. ताईला आणि भाच्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मुदत आपोआप संपू द्यायची नाही आणि घाईने अपग्रेडही करायचं नाही. दहा-पंधरा दिवस आधी बसून यादी करायची. काय काय चालू आहे, आणि त्यातलं काय खरंच लागतं. शिकण्याच्या भरात उघडलेल्या चार गोष्टी हमखास सापडतात. मशीन 'थांबवलं' म्हणजे खर्च थांबला असं नाही, त्याची डिस्क मीटरवर असतेच. अझ्युअरमध्ये तर आतून शटडाउन केलेलं मशीन नुसतं 'स्टॉप्ड' दिसतं आणि त्याचं भाडं चालू राहतं. 'डीॲलोकेटेड' असं दिसेल तेव्हाच ते सुटलं समजायचं. ॲमेझॉनमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात. किरकोळ वाटतं, पण विसरलात तर महिन्याला ३.६० डॉलर, कुणी न वापरलेल्या पत्त्याचे.

दुसरी गोष्ट, सगळ्यात आधी आपलं सामान घरी आणायचं. काकूंनी टंकलेला मजकूर डेटाबेसमधून काढून साध्या फाइलींमध्ये उतरवायचा, दोन ठिकाणी ठेवायचा. हे झालं की मुदतीची तारीख ही भीती राहत नाही. 'अपग्रेड केलं नाही तर सगळं जाईल' या धाकाने घेतलेला निर्णय बहुतेक वेळा महागात पडतो.

तिसरी गोष्ट, मीटर लागतंच का ते बघायचं. रोजनिश्यांची पानं आता बदलणार नाहीत. मग चोवीस तास मशीन आणि डेटाबेस कशाला? मजकूर तयार पानांच्या स्वरूपात एकदाच काढून ठेवला, तर महिना किंवा वर्ष ठरावीक रक्कम घेणाऱ्या साध्या होस्टिंगवरही तो बसतो. मात्र ठरावीक रक्कम संपल्यावर ते थांबवतात की जास्तीचे पैसे लावतात, हे अटींमध्ये वाचून घ्यायचं. तो एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे, बाकी जाहिरात.

चौथी गोष्ट, मीटरवर राहायचंच असेल तर कुंपण आपण आपलं उभारायचं. बजेट अगदी लहान ठेवायचं आणि इशारे दोघा-तिघांच्या ई-मेलवर जातील असं करायचं, परीक्षेच्या दिवसांत एकटा भाचा मेल बघणार नाही. किती मशीनं उघडता येतील, दिवसाला किती विनंत्या चालतील, असे कोटे जिथे कमी करता येतात तिथे कमी करून टाकायचे. कोटा ओलांडला की काम थांबतं, म्हणजे तो खरा एमसीबी. ॲमेझॉनच्या बजेटला 'ॲक्शन' जोडून ठरावीक मशीनं बंद करता येतात. गूगलमध्ये बजेटच्या संदेशावरून एक छोटा प्रोग्रॅम चालवून त्या प्रोजेक्टचं बिलिंगच तोडता येतं. पण त्यात सामान कायमचं जाऊ शकतं अशी ताकीद ते स्वतःच देतात, म्हणून दुसरी गोष्ट आधी. आणि यातल्या काहींना हिशोबाच्या उशिराची मर्यादा आहेच. म्हणजे कुंपण होईल, पण जरा खिळखिळं.

या चार गोष्टी वाचून तुमच्या मनात आलं असेल, की एवढी उठाठेव विद्यार्थ्याने का करायची? माझाही मुद्दा तोच आहे. ज्या पोराला पहिला सर्व्हर कसा चालू करायचा हे शिकायचंय, त्याने आधी तो बंद करणारा प्रोग्रॅम लिहायला शिकायचं. आणि ज्या कंपन्यांकडे हे बटण तयार आहे, त्यांनी ते फुकटच्या मुदतीबरोबर गुंडाळून ठेवायचं. याचा परिणाम काय होतो सांगू? भाच्यासारखी पोरं शिकायचंच टाळतात. त्याच्या वर्गातल्या दोघींनी कार्ड टाकावं लागतं म्हणून खातंच उघडलं नाही. त्यांच्या घरच्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्याच्या बिलाला वरची रेघ नाही तिथे सही करू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून चालत आलेली आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण त्यापायी दोन हुशार मुली एक कामाची विद्या शिकायच्या राहिल्या, त्याचा हिशोब कुठल्या बिलात येत नाही.

रोजनिश्यांचं म्हणाल तर आम्ही अपग्रेड करत नाही आहोत. मजकूर उतरवून झाला, तयार पानं बनवायचं काम भाचा सुट्टीत करेल, आणि वर्षाचे ठरलेले पैसे आम्ही सगळी भावंडं वाटून घेऊ. भावजींनी आकडा विचारला, मी सांगितला, त्यांनी वहीत लिहिला. काकूंच्या दोन वह्या टंकायच्या बाकी आहेत, त्या आता त्या साध्या फाइलीतच टंकतील.

तुमच्यापैकी कुणाची ट्रायल चालू असेल तर आज एवढं करा, संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या दहा दिवस आधीच्या चौकोनात एक फुली मारा. आणि त्या कंपनीला कधी अभिप्राय द्यायची वेळ आली, तर माझ्या ताईचा प्रश्न जसाच्या तसा विचारा. जास्तीत जास्त किती?